आडवं झोपून जाता येईल अशी होडी

फायबरची खाज ज्याच्या अंगाला लागलेली नाही त्याने मला होडीबद्दल शहाणपण शिकवायला येऊ नये. आधीच सांगून ठेवते. महाडात माझ्या होडीचा विषय निघाला की प्रत्येकाला काही ना काही सुचतं. रबराची घ्यायची होतीस. तयार मिळते. एवढ्या प्लायमध्ये दोन कपाटं झाली असती. आमच्या समोरचे काका तर रोज सकाळी दात घासत ओट्यावर उभे राहायचे आणि तोंडातला फेस सांभाळत विचारायचे, "काय मग, कधी निघायचं दुबईला?" रोज. एक दिवस खाडा नाही. मी हातात पॉलिश पेपर घेऊन होडीवर ओणवी झालेली, डोळ्यांना चष्मा, तोंडाला ओढणी, बाह्या मनगटाशी रबराने आवळलेल्या, आणि तरी फायबरची कुसळं मानेवरून आत उतरलेली. ती दिसत नाहीत, नुसती टोचतात. खाजवलं तर आणखी आत रुततात. अशा वेळी कुणी दुबईचं विचारलं तर तोंडात काय येतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

हौसेने नाही बांधली मी होडी. मला पोहतासुद्धा येत नाही. सावित्रीत मी गुडघ्याच्या वर कधी उतरलेली नाही. बाजारपेठेतल्या औषधांच्या दुकानात काउंटरवर उभी राहते, चिठ्ठीवरची गोळी काढून देते, आणि चिठ्ठी नसताना कडक औषध मागणाऱ्यांना हाकलते. लग्न केलं नाही. का केलं नाही ते विचारणाऱ्यांनाही हाकलते. घरात मी आणि बाबा. बाबा जन्मभर मुंबईत, बसच्या बॉड्या बांधणाऱ्या कारखान्यात सुतार होते. निवृत्त होऊन गावी आले, चार वर्षं सुखाची गेली, आणि मग एका दिवाळीत त्यांना लकवा झाला. डावी बाजू पडली. तोंड वाकडं झालं, पण बोलणं शाबूत राहिलं, आणि बोलणं म्हणजे सगळ्या घरावर हुकूम. त्यांचं करायला माझी आत्या, म्हणजे बाबांची धाकटी बहीण, पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीवर राहायची ती, कपड्यांचं गाठोडं घेऊन आमच्याकडे आली ती आलीच.

पाणी आमच्या गल्लीत नवं नाही. सावित्री आणि गांधारी दोघी एकदम चढल्या की बाजारपेठेत पाणी येतं, हे आम्हाला कळायला लागल्यापासून ठाऊक. सामान माळ्यावर चढवायचं, मीटर बंद करायचा, पिण्याचं पाणी भरून ठेवायचं, आणि ओट्यावर बसून पायऱ्या मोजायच्या. पण त्या जुलैत पाणी पायऱ्या मोजू देईना. उजाडेपर्यंत ते माझ्या छातीला लागलं होतं. आमचं घर तळमजल्याचं, वर नुसता स्लॅब, आणि स्लॅबवर जायला बाहेरून लोखंडी गोल जिना, एका माणसाने अंग चोरून चढायचा. त्या जिन्यावरून बाबांना न्यायचं म्हणजे अशक्य. आम्ही पलंगावर टेबल चढवलं, टेबलावर बाबांना निजवलं, आणि मी नि आत्या दोन्ही बाजूंनी टेबल धरून पाण्यात उभ्या राहिलो.

सकाळी रबराची बोट आली. कुणाची होती ते सांगत नाही, कारण तेव्हा कितीतरी पथकं आली होती आणि त्यांतल्या पुष्कळांनी जिवावर उदार होऊन माणसं काढली. बोटीत आधीच माणसं दाटीवाटीने बसलेली. खिडकीतून आत बघून त्यातला एक जण म्हणाला, "पेशंट बसू शकतो का?"

मी म्हटलं, "नाही. आडवाच न्यावा लागेल."

त्याने मागे बघितलं, जागेचा अंदाज घेतला. "बसणाऱ्यांना आधी नेतो. आजोबांना पुढच्या फेरीत."

पुढची फेरी दुसऱ्या दिवशी दुपारी आली. तोवर पाणी उतरायला लागलेलं होतं. चिखल मांडीपर्यंत होता. चौघांनी बाबांना चादरीत घातलं, चादरीची टोकं धरली, आणि सिमेंटची गोणी उचलावी तसं बाहेर नेलं. एकाचा हात सुटला, बाबांचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटलं. रात्रभर टेबलावर ओल्याने कुडकुडताना बाबा एक शब्द बोलले नव्हते. तेव्हा मात्र ते रडले. सगळ्या गल्लीसमोर. मी त्यांना त्याआधी कधीच रडताना पाहिलं नव्हतं, आजी गेली तेव्हासुद्धा नाही.

यावर मी काही बोलायला गेले की लोक म्हणायचे, अगं, तिकडे तळीयेत दरडीखाली काय झालं बघ, आपले जीव तरी वाचले. अहो, मला कळत नाही का तळीयेत काय झालं? त्या वाडीतली माणसं दुकानात औषधं न्यायला यायची. त्यांच्या दुःखापुढे मान खालीच जाते. पण म्हणून माझ्या बापाला गोणीसारखा नेला त्याचा मला राग येऊ नये, हा कुठला न्याय?

दादा, माझा मोठा भाऊ, मुंबईला असतो. चौथ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. त्याचं एकच पालुपद, "घर काढून टाकू, इकडे या सगळे. सेफ आहे." मी विचारलं, "बाबांना चौथ्या मजल्यावर कोण चढवणार रोज?" तर म्हणे, "रोज कशाला उतरायचंय?" फोन बाबांच्या उशाशीच होता, आवाज मोठा केलेला. बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मी फोन कापला. पुढे चार दिवस त्याचा फोन घेतला नाही.

होडीचं बाबाच बोलले. तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं. घरातला चिखल जाऊन रंग लागला होता. ते खाटेवरून छताकडे बघत म्हणाले, "प्लायची होडी बांधता येते गो. रुंद. सपाट बुडाची. आडवं झोपून जाता येईल अशी."

मला वाटलं, डोक्यावर परिणाम झाला. पण ते जोडणी सांगायला लागले. बुडाची पट्टी कशी कापायची, बाजू तांब्याच्या तारेने कशा शिवायच्या, सांध्यात रेझिनचा चीक आणि लाकडाचा भुसा कालवून कसा भरायचा. बसचं काम आणि होडीचं काम त्यांच्या मते सारखंच, एकात पाणी बाहेर ठेवायचं आणि दुसऱ्यातही पाणी बाहेरच ठेवायचं. त्यांना त्यातलं सगळं येत होतं असंही नाही. पहिल्यांदा बाजू कापल्या त्या एकमेकींना जुळल्याच नाहीत. त्यावरून आम्ही इतके भांडलो की आत्या दार लावून शेजारी जाऊन बसली. "तुझा हात वाकडा!" हे त्यांचं. "तुमचं माप वाकडं!" हे माझं. माप वाकडं होतं. अजूनही सांगते.

ओट्यापुढे पत्र्याची शेड आहे, तिथे दोन बाकांवर होडी उलटी घातली, पोट वर करून. बाबांची खाट खिडकीला लावली, म्हणजे त्यांना सगळं दिसेल आणि मला सगळं ऐकावं लागेल. दुपारी उन्हं कलली की आत्या त्यांना चाकाच्या खुर्चीत घालून शेडमध्येच आणून बसवायची, होडीच्या पुढच्या टोकाशी. तेवढीच हवा. मी तेव्हा दुकानात. माझं काम सुट्टीच्या दिवशी आणि सकाळी दुकानात जायच्या आधी.

आत्याचं दुसरं काम तेलाचं. तिच्या सासरच्या बाजूला, उमरठच्याही पुढे कुठेशी, एक म्हातारा लकव्याचं तेल करून देतो. काळं, दाट, लसणाचा आणि ओव्याचा वास. एकदा लावलं की तो वास भिंतींना लागतो. रोज जेवण झालं की आत्या बाबांचा डावा हात मांडीवर घेऊन बसायची आणि खांद्यापासून बोटांपर्यंत चोळत राहायची. आमच्याकडे लकव्याच्या माणसाला तेल लावत नाहीत असं एक घर दाखवा. डॉक्टरांनी तर सांगितलं होतं, जेवढी हालचाल परत यायची तेवढी पहिल्या काही महिन्यांत येते, आता फार आशा धरू नका. मी औषधांच्या दुकानात उभी राहणारी, मला डॉक्टरांचं पटायचं. मी आत्याला म्हणायची, "हात काही येत नाही, गादी मात्र जाते."

ती म्हणायची, "तुजी गोळी तुज्याकडं ठेव. मी चोळतेय ना? तुजं काय जातंय?"

फायबर चढवायचं कसं ते मला एमआयडीसीकडच्या एका गॅरेजवाल्याने शिकवलं. तो बसचे फुटलेले बंपर फायबरने सांधतो. त्याने दोनच गोष्टी बजावल्या. हार्डनर, म्हणजे रेझिन सुकवणारं औषध, मापात टाक, आणि लाकूड कोरडं नि कोरं ठेव, पाणी नको, तेलाचा तर हातसुद्धा नको, नाहीतर वरून चिकटल्यासारखं दिसेल आणि आत धरणार नाही. पहिली गोष्ट मी पहिल्याच दिवशी विसरले. लवकर सुकावं म्हणून हार्डनर सढळ हाताने ओतला. मगातलं रेझिन माझ्या डोळ्यांदेखत तापलं, धूर यायला लागला, शेवटी प्लॅस्टिकचा मगच वितळायला लागला. मी तो अंगणात भिरकावला. काका ओट्यावरच होते. म्हणाले, "इंजिन चालू झालं वाटतं!"

दुसरी गोष्ट मात्र मी डोळ्यांत तेल घालून सांभाळली. निदान मला तसं वाटत होतं. आत्याला होडीला तेल-कुंकू लावायचं होतं. नवी गाडी आली, नवी गिरण आली, तर लावतात ना, मग होडीला का नको? मी तिला तंबी दिली, "होडीला कुणी बोट लावायचं नाही. सगळं झाल्यावर काय ती पूजा कर." ती फुरंगटून आत गेली. आणखी एक भांडण पॉलिश पेपरचं. मी घासून उरलेले तुकडे खिडकीत ठेवायची, दुसऱ्या दिवशी त्यातला एखादा गायब. मी आत्याला म्हटलं, भांडी घासायला माझे पेपर घेऊ नकोस. ती म्हणाली, मी राखेनं घासते, तुज्या पेपराची मला काय गरज? मी मनात म्हटलं, खोटं बोलते.

शिमगा झाल्यावर फायबरची मॅट चढवली. पांढऱ्या केसांची गोधडी असावी तशी ती मॅट असते. ती अंथरायची आणि ब्रशने ठोकून ठोकून रेझिन पाजायचं. भिजली की ती काचेसारखी होते, खालचं लाकूड आरपार दिसायला लागतं. तो क्षण मला आवडायचा, खोटं कशाला बोलू. पुढच्या टोकाशी लाकूड जरा काळपट दिसलं. मला वाटलं, प्लायचाच डाग.

दादा मेमध्ये पोरांना घेऊन आला. होडीला टेकून फोटो काढला, त्याच्या ऑफिसातल्या लोकांना पाठवला. मला म्हणाला, "भारी झालीय यार. पण कोकणात फिशिंगला चालेल, पुरात कसली चालतेय?" त्याने एकदाही हातात पेपर घेतला नाही. पोरांना खाज सुटली म्हणून उलट मलाच बोलला. गेला तेव्हा मला सुटल्यासारखं झालं.

तो गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी शेवटचं घासकाम काढलं. आकाश भरून यायला लागलं होतं, वरंधच्या बाजूला रोज संध्याकाळी गडगडायचं. पाऊस लागला की हवेला ओल येते आणि रेझिन धड सुकत नाही, चिकट राहतं. म्हणून मी रजा टाकून भल्या पहाटेपासून घासत होते. पुढच्या टोकाशी आले, आणि हाताखाली काहीतरी वेगळं लागलं. बघितलं तर आत पांढुरकं दिसत होतं. बोटाने ठोकलं. बाकी होडी टणटण वाजते, तिथे भदभद. आत सुटलं होतं. आणि पुढचं टोक म्हणजे जिथे वाहून आलेला ओंडका पहिला येऊन बसणार, तीच जागा.

तळपायाची आग मस्तकात गेली. पेन्सिल घेऊन जेवढं भदभद वाजतं तेवढ्याला रेघ मारली. मग पातं घालून एक कोपरा उचलला. मॅट सालीसारखी वर आली आणि खालून वास आला. लसूण आणि ओवा.

मी ओरडले. एवढ्या मोठ्याने की काका दात घासायचे थांबले. "आत्या! लावलंस ना शेवटी तेल? सांगितलं होतं ना तुला? आता पाऊस येईल, हे सुकणार नाही, आणि पाणी आलं की बाबांना परत चादरीत घालून नेऊ दे, तुला चालेल?"

आत्या पदर खोचत बाहेर आली. "देवाशप्पत नाय गो! मी हातसुदीक नाय लावला तुज्या होडीला."

"मग हा वास कुठून आला? आकाशातून पडला?"

"मला काय म्हाईत? मी नाय लावलं म्हंजे नाय लावलं!" ती रडायलाच लागली. मी आणखी काहीबाही बोलले. सगळा दादावरचा, काकांवरचा, बोटवाल्यांवरचा राग तिच्या डोक्यावर ओतला. बाबा खिडकीत होते. एरवी मी चुकीचा ब्रश उचलला तरी हुकूम सोडणारा माणूस, तेव्हा गप्प. मी त्यांच्याकडे बघितलं तर त्यांनी नजर काढून घेतली.

मग मी खाली बघितलं. पेन्सिलीची रेघ मी भराभर मारलेली, तिच्याकडे आधी नीट पाहिलंच नव्हतं. खाली रुंद. वर चार बोटं. बाजूला अंगठा. एकदाच टेकवलेला हात नव्हता तो, पुढे-मागे, पुढे-मागे घासत गेलेला होता, वीतभर. मी त्यावर माझा हात ठेवून पाहिला. अंगठा उजवीकडे येत होता. खुर्चीत बसलेल्या माणसाचा डावा हात.

मी खिडकीशी गेले. "बाबा, हात हालतो?"

त्यांनी आधी डाव्या हाताकडे बघितलं. मग म्हणाले, "हालतो. थोडा."

"कधीपासून?"

"थंडीपास्न."

"आणि मला सांगितलं नाही? पेपर तुम्ही घेत होतात? तेलाचा हात तसाच?"

"रोज नाय हालत गो. एक दिवस हालतो, दोन दिवस नाय. तुला दावायला जायचो नि मेला हालायचाच नाय. मग तू परत डाक्टर, परत व्यायामवाला, परत ते तोंड पाडून बसणं." तोंडाच्या वाकड्या बाजूने लाळ आली ती त्यांनी उजव्या हाताने पुसली. "ही चोळून, मला शेडात बसवून आत भांडी घासायला जायची. तेवढ्यात जरा घासायचो. हात पुरा आला की सांगणार होतो."

"पुरा येऊन काय करणार होतात?"

"आपलं आपण बसणार होतो होडीत. कुणी उचलायचं नाय मला."

आत्याने डोळे पुसायचे सोडून बाबांच्या हाताकडे बघितलं. मी काय करायला हवं होतं? गळ्यात पडायला हवं होतं ना? मी ओरडले, "मग आधी साबणाने धुवायचा ना हात! एवढं बसचं काम केलंत जन्मभर, तेल लाकडाला लावू नये हे कळत नाही?"

ते म्हणाले, "लाकडाचं काम केलं मी. फायबर तुजं." मग होडीकडे हनुवटी करून, "घास ते."

"सगळं?"

"मग काय पूजेला ठेवतेस? घास. लाकूड लागेपर्यंत घास."

मी ग्राइंडर लावला. डोळ्यांत पाणी होतं, ते चष्म्याच्या आत साचलं, दिसेना, तरी घासत राहिले. आधी बोटं गेली. मग अंगठा. मग तळवा. काळं गेलं, कोरं लाकूड लागलं, आणि मी त्यावर कपड्याने थिनर मारून पुन्हा घासलं. नवी मॅट चढवली. पाऊस तेवढा आठवडा थांबला, त्या पावसाचे उपकार. रेझिन टणक झालं.

त्याच्यावरचं शेवटचं घासकाम बाबांनी केलं. मी गरम पाणी आणलं, भांड्यांचा साबण आणला, आणि त्यांचा डावा हात नखांपासून कोपरापर्यंत धुतला. तीनदा पाणी बदललं. ते म्हणत होते, "कातडी काढतेस का?" मी म्हटलं, "गप्प बसा." तेलाचा वास गेला. हात कोरडा केला, तळव्यात बारीक पेपर धरवला, बोटं वळवून दिली. आणि तो हात हालला. पुढे, मागे. मधेच अडायचा, मग ते दात-ओठ खाऊन त्याच्याकडे बघत राहायचे, शिवी घालायचे, की परत हालायचा. आम्ही दोघी नुसत्या उभ्या. समोरचे काका ओट्यावर होते. त्या दिवशी दुबई निघाली नाही.

मग होडी बाकांवरून जमिनीवर उतरवून सुलटी केली. आत्याने एकदाचं कुंकू लावलं, नारळ मात्र मी होडीवर फोडू दिला नाही, पायरीवर फोडायला लावला. बाबांनी खुर्ची होडीशी घ्यायला सांगितली. मी काखेत हात घालायला गेले तर खेकसले, "लांब!" उजव्या हाताने काठ धरला. डावा हात उचलून काठावर टाकला आणि त्याची बोटं हळूहळू मिटली. आत्या देवांची नावं घेत होती. एक पाय आत गेला. मग बराच वेळ दुसरा जाईना. मग ते आत पडले म्हणा, बसले म्हणा, पण गेले आपले आपण. टेकून बसले, शेडच्या पत्र्याकडे बघितलं आणि म्हणाले, "चहा आणा."

चहा होडीत घेतला त्यांनी. कोरड्या शेडमध्ये. दादाला मी फोटो पाठवला नाही.

मृगाचा पाऊस लागला आणि बाबा गेले. दुपारी, आत्या हात चोळत असताना. पाणी नाही, धावपळ नाही, काही नाही. तिला कळलंसुद्धा नाही, ती बराच वेळ चोळत राहिली होती. मी दुकानात होते.

पाणी जुलैत आलं. त्या वर्षाएवढं नाही, कमरेपर्यंत. मी होडी सोडली. दुकानात सामान पोचवणाऱ्या दोघांनी बांबू धरले आणि आम्ही गल्लीतली माणसं हमरस्त्याच्या चढापर्यंत नेली. काका बसले, इन्व्हर्टरची बॅटरी मांडीवर घेऊन. बसताना म्हणाले, "बाई, तू धन्य आहेस." मी म्हटलं, "तोंड मिटा आणि मधे बसा." एका म्हातारीला आडवं निजवून नेलं, आरामात मावली. सगळे म्हणत होते, काय मजबूत केलीय, काय गुळगुळीत केलीय.

आणि त्याच सकाळी रबराची बोट आली. वेळेवर. उजाडता उजाडता. नवीच पोरं होती, त्यांना कुणीतरी सांगून ठेवलेलं असणार. आमच्या दाराशी थांबून त्यातल्या एकाने नम्रपणे विचारलं, "ताई, इथे पेशंट आहे ना? त्यांना आधी नेतो. आडवं न्यायची सोय केलीय." मी त्या पोरांवर एवढी खवळले, एवढी खवळले, की ती बिचारी भेदरून बघत राहिली. त्यांचा काय दोष होता? काहीच नव्हता. आत्याने मला हाताला धरून मागे ओढलं आणि त्यांना म्हणाली, "जा रे बाबांनो, पुढं जा. इथं कोन नाय."

पाणी ओसरल्यावर होडी धुतली आणि परत बाकांवर उलटी घातली. दादा म्हणतो, आता घर काढू, होडीलाही गिऱ्हाईक आहे. त्याला मी जे सांगितलं त्यानंतर त्याने तो विषय काढलेला नाही. सकाळी दुकानात जाण्याआधी मी शेडमध्ये थांबते आणि पुढच्या टोकावर हात फिरवते. डोळे मिटून फिरवते. ठोकून बघते, टणटण वाजतं. कुठे काही लागत नाही. तेलकट हाताने केलं त्याचा ठसा राहिला होता, तो मी घासून टाकला. धुतलेल्या हाताने केलं ते असं केलंय की काचेवर बोट ठेवावं. आत्या म्हणते, किती वेळ उभी राहतेस गो, चहा निवतोय.

एवढं गुळगुळीत कशाला केलंत, बाबा? कुठेतरी जरा खरखरीत सोडायचं होतं ना.